डाव्या हातानं दिलेलं पाणी

माझ्या धंद्यात ज्याच्यासाठी जायचं तो माणूस कधी भेटत नाही. मी पोचतो तेव्हा त्याची तेरवी होऊन गेलेली असते, खाट उभी करून भिंतीला लावलेली असते आणि फोटोवरचा हार सुकत आलेला असतो. मी ओसरीवर बसतो, पिशवीतून फॉर्म काढतो आणि म्हणतो, "काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगा."

सव्वीस वर्षं मी हेच केलं. वर्धा जिल्ह्यातल्या काही गावांत कोण कशानं मेलं याची नोंद ठेवणाऱ्या एका संशोधन प्रकल्पात मी क्षेत्र पर्यवेक्षक होतो. कागदावरचा हुद्दा असा भारदस्त असला तरी गावात मला सगळे 'मौतवाले मास्तर' म्हणत. मी गल्लीत वळलो की बाया एकमेकींना विचारत, "कोणाकडं चालला व हा?" थोरल्या मुलीला पाहायला मंडळी आली, तेव्हा बायकोनं त्यांना "आरोग्य खात्यासारखंच काहीतरी आहे" असं सांगून वेळ मारून नेली. लग्न झाल्यावरच जावयाला खरा प्रकार कळला.

बाहेरच्या माणसाला हे काम विचित्र वाटतं, म्हणून थोडं समजावून सांगतो. आपल्याकडे माणूस बहुतेक घरीच मरतो आणि त्याच्या मरणाचा डॉक्टरी कागद नसतो. ग्रामपंचायतीच्या वहीत 'म्हातारपण', 'अचानक', नाहीतर 'अटॅक' असं काहीतरी लिहून सगळे मोकळे होतात. पण दवाखान्यात कोणतं औषध ठेवायचं आणि कोणत्या आजारामागे लागायचं हे ठरवायला लोक मरतात कशानं हे कळायला हवं ना? म्हणून आम्ही घरी जाऊन शेवटच्या दिवसांची हकिगत उतरवून आणायची. ऑफिसात दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ती वाचायचे आणि कारण ठरवायचे. दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याकडे जायचं. चांगली उतरवलेली हकिगत असेल तर डॉक्टरला मेलेला माणूस समोर दिसतो, आणि माझे फॉर्म तिसऱ्याकडे क्वचितच गेले. एवढी बढाई निवृत्त माणसाला माफ असावी.

नव्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो. हो-नाहीचा प्रश्न विचारायचा नाही. "ताप होता का?" म्हटलं की घरचा माणूस "होता" म्हणतो, कारण दारी आलेल्या पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं? त्यापेक्षा विचारा, "रात्री पांघरूण घेत होते की फेकून देत होते?" मग तो आठवायला लागतो, आणि आठवायला लागला की खरं बोलतो.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका गृहस्थानं वडील नजर लागून गेले असंच लिहा म्हणून दोन तास धरणं धरलं आणि नजर लावणाऱ्याचं नावही दिलं. एका म्हातारीनं तर मला रस्त्यातच गाठलं. "मास्तर, माहा फॉर्म आताच भरून घ्या," म्हणाली. "मी गेल्यावर हे पोट्टे म्हणतील, लय सेवा केली. मी जिती हाये तोवर खरं काय थे लिहून ठेवा." मी हसलो आणि निघून आलो. जिवंत माणसाचा फॉर्म आमच्याकडे नव्हता.

आता लकव्याकडे येतो. लकवा म्हणजे पक्षाघात. मेंदूकडे रक्त नेणारी नळी चोंदते नाहीतर फुटते आणि अर्धं अंग जातं. मी कामाला लागलो तेव्हा लकव्याचे फॉर्म बहुतेक गावाच्या मधल्या घरांतले असायचे. माडीचं घर, दारात बैलजोडी, मरणारा साठी-सत्तरीचा. लोक म्हणत, "खात्यापित्या घरचा रोग हाये हा." मजुरांच्या घरी मी जायचो ते तापासाठी, हगवणीसाठी, साप चावल्यासाठी. हळूहळू माझी सायकल, आणि पुढे मोटरसायकल, त्याच गावात वेगळ्या गल्लीकडे वळायला लागली. लकव्याचे फॉर्म गावाच्या कडेच्या घरांतून यायला लागले आणि मेलेल्याचं वय पन्नास, पंचेचाळीस असं उतरत गेलं. मधल्या घरांत लकवा यायचा थांबला होता असं मुळीच नाही. तिथली माणसं त्यानं मरायची थांबली होती. त्या घरांत रक्तदाब मोजायचं यंत्र आलं, पुण्याला नोकरी करणारा मुलगा फोनवरून "बाबा, गोळी घेतली का?" विचारू लागला, दारात चारचाकी उभी राहिली. कडेच्या घरांत यातलं काही पोचलं नाही. पुडीचं तेल पोचलं, खारट पाकिटं पोचली, सुपारी-तंबाखूचा खर्रा पोचला.

हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्याला दुकानात गादीवर बसल्या बसल्या लकवा आला. दोन तासांत तो नागपूरला होता. शेठजी आज काठी टेकत दुकानात येतात आणि नोकरांना मनसोक्त शिव्या देतात. त्यांच्याच गोदामातला हमाल त्याच महिन्यात पडला. थकला असेल म्हणून घरच्यांनी त्याला ऊन कलेपर्यंत झोपू दिलं, मग कबुतराचं रक्त चोळलं, आणि चौथ्या दिवशी तो गेला. त्याचा फॉर्म मी भरला. शेठजींचा भरायची वेळ आली नाही, आणि न येवो.

पण मला सांगायचं आहे ते बेबीबाईचं. ते लिहायचं मी बरेच दिवस टाळत आलो होतो.

वडनेरच्या पुढे सहा-सात किलोमीटरवर एक गाव आहे. तिथे शांताबाई नावाची म्हातारी लकव्यानं गेली होती आणि तिचा फॉर्म भरायला मी कार्तिकातल्या एका सकाळी निघालो होतो. घरात मुलगा गजानन, त्याची बायको बेबी आणि शेजारच्या दारात गजाननचे चुलते, ज्यांना सगळे मोठेबाबा म्हणत. गजाननची थोडी शेती. बेबी कापसाच्या हंगामात वडनेर रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रोजीनं जायची. वय चाळीस-बेचाळीस, अंगानं काटक. सासूचं सगळं तिनंच केलं होतं, म्हणून मुलाखत तिची घ्यायची होती आणि त्यासाठी तिनं त्या दिवशी कामावर खाडा केला होता.

मी पोचलो तेव्हा दहा चाळीस झाले होते. मुलाखत सुरू झाल्याची वेळ फॉर्मच्या वरच्या ओळीत लिहावी लागते, म्हणून पक्की आठवते. मी ओसरीवर बसलो. बेबीबाई पाण्याचा गिलास घेऊन आली आणि तिनं तो डाव्या हातानं माझ्यापुढे केला.

डाव्या हातानं पाहुण्याला पाणी आपल्याकडे कोणी देत नाही. लहान मुलानं दिलं तरी आई हातावर चापट मारते. मला ते लागलं. मनात म्हटलं, सासूच्या मरणाचं उकरायला आलेला माणूस, त्यात रोजी बुडाली, म्हणून बाई न बोलता राग काढते आहे. या कामात एका घरानं माझ्यावर कुत्रं सोडलं होतं, त्या मानानं हे काहीच नव्हतं. मी पाणी प्यालो, मान खाली घातली आणि लिहायला लागलो.

पुढची चाळीस मिनिटं मी मान फारशी वर केलीच नाही. ती थोडं थोडं सांगत होती. सासू सकाळी उठली ती चपलेत पाय घालता येईना. त्या दिवशी घरीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी लकव्याचं औषध देणाऱ्या एका वैद्याकडे नेलं, तिथे दोन दिवस राहिले, तेल चोळलं, काढा पाजला. काढा ठसक्यानं छातीत गेला. मग ताप, मग संपलं. बेबीची वाक्यं तुटक होत चालली होती. मी ते दुःख समजलो आणि तसं फॉर्ममध्ये लिहिलंही, 'माहिती देणारी व्यक्ती भावनावश.'

"सासूबाईंच्या चेहऱ्यात काय फरक दिसला?" मी विचारलं.

"एका अंगानं लो... लोंब..."

शब्द पुढे आला नाही. मी मान वर केली. तिच्या ओठाचा उजवा कोपरा खाली आला होता आणि तिथून लाळेची बारीक रेघ हनुवटीकडे चालली होती. उजवा हात मांडीवर पडला होता, कोणी आणून ठेवल्यासारखा. मी जे लिहीत होतो तेच माझ्यासमोर बसलं होतं.

"रडून राह्यली, मास्तर," गजानन म्हणाला. "थांबा थोडकं. लय जीव होता तिचा बुढीवर."

"बेबीबाई, दोन्ही हात वर करा."

डावा हात वर गेला. उजवा जागचा हलला नाही. तिनं स्वतःच त्या हाताकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जी भीती आली ती मला अजून विसरता येत नाही. घड्याळात अकरा वीस झाले होते.

आमच्या ऑफिसातल्या डॉक्टरांच्या तोंडून मी हजारदा ऐकलं होतं. नळी चोंदून लकवा आला असेल तर गाठ विरघळवणारं एक इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर उपयोग नाही, उलट मेंदूत रक्त फुटायची भीती. आजवर हे साडेचार तास मी फक्त मेलेल्यांच्या बाबतीत मोजले होते.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी दुसऱ्या गावाला गेलेली, यायला पाऊण तास. तेवढ्यात मोठेबाबा काठी टेकत आले, सुनेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "लकवा हाये. गजानन, गाडी पाह्य. वैद्याकडं नेऊ."

"बाबा, वर्ध्याला न्यायला हवं. मोठ्या दवाखान्यात."

"शांताले आपण दुसऱ्या दिवशी नेलतं, म्हणून गुण नाई आला," ते शांतपणे म्हणाले. "वैद्य तवाच बोलला होता, लगेच आणाले पाह्यजे होतं. आता लगेच नेऊ."

यात मूर्खपणा नव्हता. त्या माणसानं घरातल्या एका मरणापासून धडा घेतला होता आणि धडाही बरोबर होता, घाई करा. फक्त रस्ता चुकीचा होता. वाद घालायला वेळ नव्हता आणि वाद घालून मी हरलो असतो, कारण मी परका होतो. मग मी हातातला फॉर्मच वाचायला सुरुवात केली. "पहिला दिवस, घरी. दुसरा दिवस, वैद्याकडे, तेल आणि काढा. काढा पाजताना ठसका, श्वास घरघरला. चौथा दिवस, ताप. सहावा दिवस..." तिथे थांबलो. "बाबा, हे मी आत्ता तुमच्याच घरात लिहून घेतलं. शांताबाई लकव्यानं नाही, त्या काढ्यानं गेल्या असं मला वाटतं. उद्या याच ओसरीवर दुसरा फॉर्म भरायला मी येणार नाही."

गजानन एकदा चुलत्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिला. त्या घरात मोठेबाबांच्या शब्दाबाहेर आजवर कोणी गेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. किती वेळ तसेच उभे राहिलो असतो देव जाणे. बेबीबाईनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तो नुसता घशातला आवाज निघाला. मग तिनं डावा हात उचलला आणि अंगणात लावलेल्या माझ्या मोटरसायकलकडे बोट केलं.

"जा," मोठेबाबा म्हणाले. "तिची मर्जी हाये तं जा."

गावात एक छोटा हत्ती टेम्पो कापूस भरून हिंगणघाटच्या बाजाराला निघायच्या तयारीत होता. कापूस उतरवायला वेळ नव्हता. बेबीबाईला आम्ही तसंच वर, कापसावर निजवलं. मी तिचं डोकं एका कुशीवर धरून बसलो, गजानन पायाशी. वडनेर आलं तेव्हा तो म्हणाला, "तिले पाणी पाजू का थोडकं? ओठ सुकले."

"थेंबही नाही. छातीत जाईल."

त्यानं पाण्याची बाटली बाजूला सारली. त्याच्या आईचा काढा त्यालाही आठवला असणार. हायवेला लागल्यावर गाडीनं वेग घेतला. मी दर पाच मिनिटांनी तिला विचारत होतो, "बेबीबाई, ऐकू येतं का?" आणि ती डाव्या हातानं माझं मनगट दाबत होती. हिंगणघाटला बाजाराबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आमच्याही गाडीत कापूस दिसला म्हणून एक जण आम्हाला रांगेत लावायला धावला. ड्रायव्हरनं त्याला अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येणार नाही, आणि गाडी काढली. वर्ध्याकडे जाताना एका ठिकाणी तिनं माझं मनगट दाबलं नाही. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर दाबलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा एक वीस. माझी धावपळ संपली होती, पण तिथल्या लोकांची आता सुरू झाली. मेंदूचा फोटो झाला. एक तरुण डॉक्टरीण बाई धावतच बाहेर आल्या. "रक्तस्राव नाही. गाठ आहे. इंजेक्शन देता येईल. ह्यांना शेवटचं ठीकठाक कोणी पाहिलं? किती वाजता?"

"अकरा वाजता झालं, मॅडम," गजानन म्हणाला. "आमच्या डोळ्यासमोर."

अकरा म्हटलं की सगळं सोपं होत होतं. हातात भरपूर वेळ. मी गप्प बसलो असतो तर डॉक्टरीणबाईंनी तेच लिहिलं असतं. पण माझ्यापुढे तो पाण्याचा गिलास आला.

"नाही," मी म्हणालो. "दहा चाळीसला तिचा उजवा हात गेलेला होता. तिनं मला डाव्या हातानं पाणी दिलं. मी पाहिलं होतं."

गजाननानं माझ्याकडे मान वळवली. मला त्याच्याकडे पाहवलं नाही.

"मग त्याच्या आधी?" बाई म्हणाल्या. "पहाटेपासून असेल तर मी देऊ शकत नाही. मेंदूत रक्त फुटलं तर तिथेच जाईल ही."

गजानन सहाला शेतात गेला होता आणि साडेदहाला परतला होता. मधल्या साडेचार तासांचा कोणी साक्षीदार नव्हता. पण साक्षीदार शोधणं हाच माझा धंदा. मी मोठेबाबांना फोन लावला. "बाबा, सकाळी बेबीबाई कोणासोबत होती?"

"नळावर कुसुम राह्यते तिच्यासंगं. थे आता वावरात गेली, वेचाले."

"तिच्याकडे जा. फोन तिच्या हातात द्या. आत्ता."

सत्तरी ओलांडलेला तो माणूस, ज्याला मी दोन तासांपूर्वी त्याच्याच घरात खोटं पाडलं होतं, कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून कपाशीच्या वावरात गेला. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. एक बत्तीस. एक अडतीस. डॉक्टरीणबाई दोनदा दारात येऊन गेल्या. एक बेचाळीसला फोन वाजला.

इथे मी घाई केली असती तर सगळं बुडालं असतं. "बेबी साडेनऊला ठीक होती ना?" असं विचारलं असतं तर कुसुम "हो" म्हणाली असती, जीव वाचवायचा म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मी डॉक्टरीणबाईंना हाक मारली, फोनचा आवाज मोठा केला आणि म्हणालो, "कुसुमबाई, आज सकाळी बेबी तुम्हाला कुठे दिसली, काय करत होती, जसं आठवेल तसं सांगा."

"नळावर होती जी. पाण्याचे दोन गुंड भरले तिनं."

"गुंड डोक्यावर कोणी चढवून दिला?"

"कोणी नाई. तिचा तिनंच उचलला, दोन्ही हातानं. मंग दुसरा कमरेवर घेतला."

"काही बोलली?"

"बोलली ना. म्हणे, आज मौतवाला मास्तर येऊन राह्यला, फुकटचा खाडा करा लागला."

"शब्द कसे निघत होते?"

"कसे म्हंजे? जसे रोज निघते तसे. तोंड चालूच राह्यते तिचं."

"तेव्हा रस्त्यावर काय चाललं होतं?"

ती थांबली. "वडनेरची गाडी आली. माही पोरगी त्याच गाडीनं शाळेत गेली."

ती एसटी मला वडनेरच्या फाट्यावर भेटली होती. तिच्या धुळीनं मी थांबून चष्मा पुसला होता आणि घड्याळ पाहिलं होतं, नऊ पन्नास. पुढे वाटेत एक काम उरकण्यात अर्धा तास गेला होता. गावापासून फाट्यापर्यंत एसटीला दहा-बारा मिनिटं. म्हणजे नऊ अडतीसच्या सुमारास बेबी धडधाकट होती, असं मी बाईंना सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत पळाल्या. दोन वाजायला पाच मिनिटं कमी असताना इंजेक्शन सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी तिच्या उजव्या हाताची बोटं हलली. आठव्या दिवशी ती बोलायला लागली. मी भेटायला गेलो तेव्हा जीभ जड होती, पण वाक्य पुरं होतं. "मास्तर, खाडा लय मोठा झाला." मी, गजानन, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी, सगळे हसलो. गजानन हसता हसता रडायला लागला.

मला भलता आनंद झाला होता, तो लपवत नाही. सव्वीस वर्षांत मी एकाही माणसाला वाचवलं नव्हतं, आणि हे एक वाचलं होतं. नव्या पोरांच्या प्रशिक्षणात मी ही गोष्ट सांगायला लागलो. बोरगाव मेघेच्या आमच्या कॉलनीत गणपतीत माझं भाषण ठेवलं, तिथेही सांगितली. वर्षभरात दोनदा त्यांच्या घरी चहा पिऊन आलो. बेबीबाई थोडी लंगडायची, पण हात कामाला लागला होता आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा जिनिंगमध्ये जायला लागली. दोन्ही वेळा निघताना मी विचारलं, "गोळ्या घेता ना?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "घेतो ना, मास्तर." आरोग्य केंद्रातून रक्तदाबाच्या महिन्याभराच्या गोळ्या फुकट मिळत होत्या. मी निश्चिंत होऊन गाडीला किक मारली.

त्यानंतरच्या माघात गावच्या मरणाच्या यादीत तिचं नाव आलं. दुसरा कोणी पाठवा असं मी ऑफिसात म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. तेरवी झाल्यावर गेलो.

गजाननानं स्वतः पाणी आणून दिलं. मोठेबाबा खाटेवर पडून होते, उठले नाहीत. मी फॉर्म काढला, वेळ लिहिली आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांगा." जिनिंगमध्येच ती कापसाच्या ढिगापाशी बसली आणि आडवी झाली. बायांना वाटलं, झोप लागली. सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा हलवलं. तिथून दवाखाना, तिथून दोन दिवस.

"गोळ्या कशा घेत होती ते सांगा."

"घे ना. रविवारी."

मी पेन थांबवलं. "रविवारी म्हणजे?"

"रविवारी सुट्टी राहे ना. कामाच्या दिवशी कशी घेईन? थ्या गोळीनं सारखं लघवीले जा लागे. जिनिंगातल्या संडासाची चावी मुनीमजवळ राह्यते. एक डाव मागता येते, दोन डाव मागता येते. दिवसातून सहा डाव चावी मागाले गेली तं हमाल हासत तिले. तीन गोळ्यांतली लघवीवाली कोणती थे तिले समजे नाई, म्हणून साऱ्याच ठेवून दे. पण रविवार चुकवला नाई तिनं. उपास असला तरी घे." मग त्यानं सहज सांगितलं, "तथल्या साऱ्याच बाया तशा घेते."

फॉर्मवर पुढचा प्रश्न छापलेला होता. रक्तदाबाचं औषध चालू होतं का, हो किंवा नाही. मला उठून जावंसं वाटलं. गजाननला वाटत होतं की बायकोनं औषध घेतलं, त्यानं घेऊ दिलं, पुढचं देवाच्या हाती. ती समजूत मोडली तर त्याच्याजवळ काहीच उरत नव्हतं. न मोडावी तर सोमवारी सकाळी जिनिंगच्या फाटकातून आत जाणाऱ्या बाकीच्या बाया होत्या.

"गजाननभाऊ," मी म्हणालो, "ती गोळी रोज घ्यावी लागते. रविवारी घेतलेली सोमवारनंतर अंगात राहत नाही. बाकीचे दिवस तिला औषधच नव्हतं."

आत कोणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्ही दोन डाव आलते घरी," तो म्हणाला. "चहा पेला. बसले. तवा काऊन नाई सांगितलं?"

"मला ठाऊक नव्हतं."

"थे लपवणारी बाई नोती, मास्तर. कवा घेतं, कशी घेतं, असं विचारलं असतं तं सारं सांगितलं असतं तिनं."

मी तिला "घेता ना?" एवढंच विचारलं होतं.